जपानी पुराणकथा आणि लोककथा: कामी कोण, योकाई कोण, आणि हे कशावरून ठरते?

अभ्यागत

इसवी सन ९०१ मध्ये क्योतोच्या राजदरबारातील सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्यावर कटाचा आळ आला आणि त्याची दूर क्युशू बेटावरील दाझाइफू येथे पाठवणी झाली. नावाला ती नेमणूक होती, प्रत्यक्षात हद्दपारी. घर सोडताना त्याने अंगणातल्या 'उमे'च्या, म्हणजे आलुबुखारासारख्या एका झाडाला उद्देशून एक कविता केली: पूर्वेचा वारा सुटला की तुझा सुगंध माझ्याकडे धाड, धनी घरात नाही म्हणून वसंताला विसरू नकोस. दोन वर्षांनी तो तिथेच वारला. त्यानंतर त्याच्यावर किटाळ आणणारा फुजिवारा नो तोकिहिरा चाळिशी गाठण्याआधीच गेला, युवराज गेला, आणि ९३० साली राजवाड्यातील सेइर्योदेन या महालावर वीज कोसळून काही दरबारी ठार झाले. त्या प्रसंगानंतर आजारी पडलेला सम्राट दाइगोही त्याच वर्षी निवर्तला. हा मिचिझानेचाच कोप, असे दरबाराने मानले. ९४७ साली क्योतोत कितानो येथे त्याचे देवस्थान उभे राहिले, आणि राजवाड्यावर वीज पाडणारा तो सूडाने पेटलेला आत्मा पुढे 'तेंजिन' या नावाने विद्येचा देव झाला. प्रवेशपरीक्षांच्या दिवसांत जपानमधील विद्यार्थी ज्याच्या देवळात लाकडी पाटीवर आपली इच्छा लिहून टांगतात, तो देव हाच.

जपानी पुराणकथांची ओळख करून देताना सहसा सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतात. मी मिचिझानेपासून केली, कारण गेली काही वर्षे या कथा वाचताना मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटत आले आहे, ते त्याच्या कथेत उघड दिसते. जपानी कथाविश्वात देव आणि भूत, म्हणजे कामी आणि योकाई, या दोन वेगळ्या जाती नाहीत. एकाच शक्तीला माणसांनी कसे वागवले, तिची आठवण ठेवली की तिला वाऱ्यावर सोडले, यावर ती पुढे काय होणार हे ठरते.

यासाठी आधी 'कामी' या शब्दापाशी थांबावे लागेल. आपण त्याचे भाषांतर 'देव' असे करतो आणि तिथेच वाट चुकते. मात्सुसाकाचे वैद्य आणि भाषापंडित मोतोओरी नोरिनागा (१७३०-१८०१) यांनी दिलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. जे जे नेहमीच्या पलीकडचे आहे, ज्याच्यात विलक्षण सामर्थ्य आहे आणि जे पाहून मनात दरारा उत्पन्न होतो, ते ते कामी, असा तिचा आशय आहे. त्यात पर्वत, समुद्र, झाडे, प्राणी, माणसे सगळे आले, आणि चांगल्याबरोबर दुष्टही आले, हे नोरिनागा आवर्जून सांगतात.

या कथांचे दोन मूळ ग्रंथ आहेत. ७१२ साली ओ नो यासुमारो याने 'कोजिकी' हा ग्रंथ सम्राज्ञी गेन्मेइ हिला सादर केला. हिएदा नो आरे या विलक्षण स्मरणशक्तीच्या व्यक्तीला मुखोद्गत असलेल्या वृत्तांतांवरून तो लिहिला, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. त्या काळी जपानीला स्वतःची लिपी नव्हती, म्हणून यासुमारोने चिनी अक्षरे कुठे अर्थासाठी, तर कुठे केवळ उच्चारासाठी वापरली. परिणामी हजार वर्षांनी हा ग्रंथ नीट वाचता येणेही अवघड झाले, आणि नोरिनागांनी सुमारे पस्तीस वर्षे खर्चून त्यावर ४४ खंडांचे भाष्य लिहिले. १९७९ साली नारा शहराच्या पूर्वेला एका चहाच्या मळ्यात खणताना यासुमारोची कबर सापडली आणि तिच्यातल्या तांब्याच्या पत्र्यावर त्याचे नाव, पद आणि मृत्यूची तारीख कोरलेली मिळाली. तोपर्यंत हा माणूस खरोखर होऊन गेला का, अशी शंका घेणारेही होते.

दुसरा ग्रंथ ७२० सालचा 'निहोन शोकी'. तो चिनी भाषेत आणि चिनी इतिहासग्रंथांच्या धर्तीवर लिहिला आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. देवयुगातील एखादी कथा सांगून झाली की 'एका ग्रंथात असे म्हटले आहे' म्हणून तीच कथा वेगळ्या रूपात दिली जाते, मग आणखी एका रूपात. राजाज्ञेने तयार झालेल्या ग्रंथाने पाठभेद न लपवता असे शेजारीशेजारी मांडून ठेवावेत, हे मला मोठे वाटते.

आता कथेकडे वळू. इझानागी आणि इझानामी हे दांपत्य स्वर्गीय सेतूवर उभे राहून रत्नजडित भाला खालच्या समुद्रात घालून ढवळते. भाला वर काढताना त्याच्या टोकावरून ठिबकलेल्या खाऱ्या पाण्याचे पहिले बेट होते. त्या बेटावर खांब उभारून दोघे त्याला विरुद्ध दिशांनी वळसा घालतात आणि समोरासमोर येताच इझानामी आधी बोलते. स्त्री आधी बोलली म्हणून विधी चुकला, असे कथा म्हणते. त्यांना हिरुको, म्हणजे जळूसारखे हाडे नसलेले मूल होते आणि ते वेताच्या होडीत घालून समुद्रात सोडून देतात. कोजिकीत या बाळाचा विषय इथेच संपतो. लोकांनी मात्र त्याला विसरू दिले नाही. पुढे कित्येक शतकांनी हाच हिरुको वाहत किनाऱ्याला लागला आणि कोळ्यांचा व व्यापाऱ्यांचा लाडका देव एबिसू झाला, अशी श्रद्धा रूढ झाली. हातात गळ आणि काखेत मासा घेऊन हसणारा एबिसू मी चित्रात पाहिला, तेव्हा हा तोच सोडून दिलेला मुलगा आहे हे मला ठाऊक नव्हते.

पुढे बेटे जन्मतात, देव जन्मतात, आणि अग्निदेवाला जन्म देताना भाजून इझानामी मरण पावते. शोकाकुल इझानागी तिला आणायला 'योमी' या मृतांच्या प्रदेशात जातो. दाराआडून ती म्हणते, 'तू लवकर यायला हवे होतेस, मी इथले अन्न खाल्ले आहे. तरी मी विचारून पाहते, तोवर माझ्याकडे पाहू नकोस.' फार वेळ वाट पाहून तो डोक्यातल्या कंगव्याचा एक दात मोडतो आणि तो पेटवून आत जातो. त्या ठिणगीएवढ्या उजेडात त्याला दिसते ते तिचे किड्यांनी वळवळणारे शरीर. मेलेल्या माणसाला पाहायला मशाल नव्हे, कंगव्याचा दात पेटवायचा, या एका तपशिलाने मला ही कथा खरी वाटली.

तो पळतो. मागे लागलेल्या योमीच्या राक्षसिणींना अडवायला शिरोभूषण फेकतो, त्याची द्राक्षे होतात. कंगवा फेकतो, त्याचे बांबूचे कोंब होतात. त्या थांबून खात राहतात, तेवढ्यात तो सीमेवरच्या चढणीपर्यंत पोचतो आणि एक प्रचंड शिळा मध्ये लोटतो. शिळेच्या दोन्ही बाजूंनी नवराबायको एकमेकांशी अखेरचे बोलतात. ती म्हणते, 'तुझ्या देशातली हजार माणसे मी रोज मारीन.' तो म्हणतो, 'मग मी रोज दीड हजार बाळंतिणीच्या खोपी बांधीन.' मृत्यू जगात का आला, याचे कारण इथे पाप नाही. मोडलेल्या संसाराचे भांडण आहे.

योमीचा विटाळ धुण्यासाठी इझानागी नदीत स्नान करतो. डावा डोळा धुताना सूर्यदेवी आमातेरासू, उजवा धुताना चंद्रदेव त्सुकुयोमी आणि नाक धुताना सुसानोओ जन्मतो. सुसानोओ बहिणीच्या राज्यात जाऊन धुमाकूळ घालतो. शेताचे बांध फोडतो, पाट बुजवतो, आणि विणकामाच्या दालनात छपरातून सोललेला घोडा टाकतो. बांध फोडणे आणि पाट बुजवणे हे अपराध पुढे शुद्धीकरणाच्या मंत्रांत स्वर्गीय पापांच्या यादीत पहिल्याने मोजले गेले. भातशेतीवर जगणाऱ्या समाजाने पाप कशाला म्हटले, ते यावरून कळते.

संतापलेली आमातेरासू गुहेत शिरून शिळा लावून घेते आणि जग अंधारते. देव तिची मनधरणी करत नाहीत. ते कोंबडे आरवायला लावतात, आरसा टांगतात, आणि उझुमे नावाची देवी पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत, अंगावरच्या वस्त्राचे भान सोडून नाचते. ऐंशी लक्ष देव एकदम हसतात. आपण नसताना यांना हसू कशाचे येते, म्हणून आमातेरासू शिळा किंचित सारते. 'तुझ्याहून थोर देवता आली आहे' म्हणत ते तिच्यासमोर आरसा धरतात आणि तिला स्वतःचेच तेज दिसते. त्याच क्षणी तिला हाताला धरून बाहेर काढतात आणि मागे दोर बांधून टाकतात. आजही जपानी देवळांवर, जुन्या वृक्षांवर आणि खडकांवर भाताच्या पेंढ्याचा जो जाड पीळदार दोर दिसतो, त्याचे मूळ परंपरा या दोरात पाहते.

स्वर्गातून हाकललेला सुसानोओ इझुमो प्रांतात हिइ नदीकाठी उतरतो. तिथे एक म्हातारे जोडपे आपल्या उरलेल्या एकुलत्या मुलीला मध्ये घेऊन रडत बसलेले असते, कारण आठ तोंडांचा ओरोची नावाचा सर्प दरवर्षी एक मुलगी नेतो. सुसानोओ आठ पिंपे मद्य भरून ठेवतो, सर्प झिंगून झोपतो, आणि त्याचे तुकडे करताना शेपटीत एक तलवार सापडते. मग तो तिथेच घर बांधतो आणि आठ पदरी ढगांचे, पत्नीसाठी घातलेल्या आठ पदरी कुंपणाचे गाणे म्हणतो. जपानी परंपरा याला पहिली वाका, म्हणजे एकतीस अक्षरांची पहिली कविता मानते. बहिणीच्या शेताचे बांध फोडणाराच इथे कुंपण घालून संसार थाटतो. त्याच्या स्वभावात वेगळे काय झाले? त्याला घर मिळाले, एवढेच.

पुढच्या कथा वंशावळींच्या आहेत आणि त्यांचे राजकीय वजन मोठे आहे. आमातेरासूचा नातू निनिगी पृथ्वीवर उतरतो आणि त्याच्या वंशात पहिला सम्राट जिम्मू येतो, ज्याच्या राज्यारोहणाचे पारंपरिक वर्ष इसवी सनपूर्व ६६० धरतात. विसाव्या शतकात हीच कथा इतिहास म्हणून सक्तीने शिकवली गेली. १९४० साली साम्राज्याच्या २६०० वर्षांचा उत्सव झाला, आणि त्याच वर्षी या प्रारंभीच्या कथा रचलेल्या आहेत असे दाखवणारे इतिहासकार त्सुदा सोकिची यांच्या पुस्तकांवर बंदी आली; पुढे त्यांना शिक्षाही झाली. या कथांवर प्रेम करणाऱ्याने हा भाग वगळू नये, असे माझे मत आहे.

शेवंती

लेख आवडला. एक शंका आहे. देव आणि भूत एकाच जातीचे असतील, तर 'ओनी' कुठे बसतात? मुलाच्या पुस्तकात शिंगे असलेला, वाघाच्या कातड्याची लंगोटी नेसलेला लाल राक्षस आहे आणि तो सरळसरळ दुष्ट दिसतो. लोककथेतला वीर मोमोतारो त्याला मारायलाच जातो.

अभ्यागत

शेवंती, चांगला प्रश्न आहे. ओनीच्या वेशाचे एक प्रचलित स्पष्टीकरण दिशांवरून दिले जाते. अनिष्ट शक्ती ईशान्येकडून येतात अशी समजूत होती, आणि जुन्या कालगणनेत ती दिशा बैल आणि वाघ या दोन राशींच्या मधली. म्हणून बैलाची शिंगे आणि वाघाचे कातडे. ३ फेब्रुवारीच्या सुमारास 'सेत्सुबुन'च्या दिवशी घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकत 'ओनी बाहेर, सौभाग्य आत' असे ओरडतात. ओनी घालवायची गोष्ट आहे, यात वाद नाही.

पण घरांच्या छपरांच्या टोकाला ओनीच्या तोंडाची कौलेही बसवतात, संकट दूर राहावे म्हणून. घालवायचा तोच राखण करतो. काही देवळांत तर सेत्सुबुनला 'ओनीसुद्धा आत' असे म्हणतात, कारण तिथे ओनीला मान आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांचे म्हणणे होते की योकाई, म्हणजे या सगळ्या चमत्कारिक योनी, हे पदावरून उतरलेले कामी आहेत. पुढच्या पिढीतील कोमात्सु काझुहिको यांनी यात दुरुस्ती केली. उतरणीचा एकच रस्ता नाही. ज्याची पूजा होते तो कामी, ज्याची होत नाही तो योकाई, आणि ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. वर मी जे लिहिले त्यामागे हाच विचार आहे.

पानगळ

यानागितांचे नाव आले आहे तर तोओनोविषयी लिहितो. ईशान्य जपानमधील इवाते प्रांतातले हे डोंगरांनी वेढलेले गाव. तिथल्या सासाकी किझेन या तरुणाने सांगितलेल्या ११९ छोट्या कथा यानागितांनी १९१० साली 'तोओनो मोनोगातारी' या नावाने छापल्या. पहिल्या आवृत्तीच्या फक्त ३५० प्रती होत्या. जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाची सुरुवात याच पुस्तकापासून मानतात. त्यातल्या कथांना 'आटपाट नगर' नाही. अमक्या वाडीतल्या अमक्या घरी हे घडले, त्या बाईची नात अजून आहे, अशा त्या आहेत.

त्यातली झाशिकी-वाराशीची कथा माझ्या मनातून जात नाही. हे जुन्या घराच्या मोठ्या खोलीत राहणारे मूल असते आणि ते असेपर्यंत घराची भरभराट असते. एकदा गावातल्या एका माणसाला पुलाजवळ दोन अनोळखी मुली भेटतात. कुठून आलात, असे विचारल्यावर त्या एका श्रीमंत घराचे नाव सांगतात. कुठे चाललात, तर दुसऱ्या गावातल्या एका घरी. तो मनात ओळखतो की पहिले घर आता बुडणार. थोड्याच दिवसांत त्या घरातली माणसे विषारी अळंबी खाऊन एका दिवसात मरतात. बाहेर खेळायला गेलेली आणि जेवायला यायचे विसरलेली सात वर्षांची मुलगी तेवढी वाचते.

तोओनोत मी एकदा गेलो आहे. जोकेनजी देवळामागे एक ओढा आहे, त्याला काप्पाबुची म्हणतात. काप्पा हा पाण्यातला योकाई. डोक्यावर खळगा, त्यात पाणी, ते सांडले की त्याची शक्ती जाते. म्हणून काप्पा भेटला तर वाकून नमस्कार करावा, तोही वाकतो आणि पाणी सांडते. इतर ठिकाणचे काप्पा हिरवट, तोओनोचे लाल तोंडाचे. ओढ्याच्या काठाला बांबूच्या काठ्या लावल्या होत्या आणि गळाला काकडी अडकवलेली होती, कारण काकडी हे त्याचे आवडते खाणे. काकडी घालून केलेल्या सुशीला 'काप्पामाकी' म्हणतात ते यावरूनच. हे सगळे हौशी प्रवाशांसाठी असेल, असे वाटून मी हसत होतो. मग काठावरचे छोटेसे देऊळ दिसले. आत लाल कापडाच्या, कापूस भरून शिवलेल्या स्तनांच्या जोड्या ठेवलेल्या होत्या. अंगावर दूध यावे म्हणून आया त्या काप्पाला वाहतात. घोड्यांना आणि पोहणाऱ्या मुलांना पाण्यात ओढणारा तो हाच काप्पा. अभ्यागत म्हणतात ते मला तिथे उभे राहून पटले होते, पण शब्द आज मिळाले.

दिवेलागण

माझ्या माहितीप्रमाणे यातल्या काही कथा आपल्याकडूनच तिकडे गेल्या आहेत. याविषयी कोणी विस्ताराने लिहील का? सरस्वती जपानमध्ये पूजली जाते, एवढेच मला ठाऊक आहे.

अभ्यागत

दिवेलागण, सर्व कथा गेल्या नाहीत, पण ज्या गेल्या त्यांचा माग स्पष्ट लागतो. त्या बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेल्या. बाराव्या शतकातील 'कोंजाकु मोनोगातारीशू' या ३१ खंडांच्या कथासंग्रहातले पहिले पाच खंड 'तेंजिकू'चे, म्हणजे भारताचे आहेत.

पंचतंत्रातली माकड आणि मगर ही गोष्ट तिथे आहे, फक्त मगरीच्या जागी कासव आले आहे. लोककथेत ती आणखी बदलली. समुद्राच्या नागराजाच्या घरी कोणी आजारी पडते, औषध म्हणून माकडाचे काळीज हवे असते, आणि कासव माकडाला पाठीवर घेऊन येते. दारावरच्या जेलीफिशच्या तोंडून बेत फुटतो. माकड म्हणते, 'काळीज तर झाडावर वाळत घातले आहे.' माकड निसटते आणि चुगली केल्याबद्दल जेलीफिशला इतके बडवतात की तिची हाडेच जातात. जेलीफिशला हाडे का नाहीत, हा प्रश्न मूळ कथेत नव्हता. तो समुद्रकाठच्या लोकांनी घातला.

जातकातला ससा, जो पाहुण्याला द्यायला काही नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेतो आणि इंद्र ज्याला चंद्रावर ठेवतो, तोही याच संग्रहात आहे. आपण चंद्राला शशांक म्हणतो. जपानी मुलांना तोच ससा उखळात मोची, म्हणजे भाताचा चिकट गोळा, कांडताना दिसतो. ऋष्यशृंग तिथे एकशिंगी ऋषी होऊन गेला आणि त्याच्यावर 'नो' या जपानी नाट्यप्रकारातले नाटक रचले गेले. कल्माषपाद राजाचे नाव तर अर्थासकट गेले: 'ठिपक्यांच्या पायाचा' म्हणून हानझोकू. नऊ शेपटांची कोल्हीण आधी भारतात या हानझोकूची राणी झाली, मग चीनमध्ये राजाला नादी लावले, आणि शेवटी जपानच्या दरबारात तामामो-नो-माए या सुंदरीच्या रूपात आली, असे कथा सांगते. मारली गेल्यावर तिची शिळा झाली. नासू येथे ज्वालामुखीच्या वायूंच्या परिसरातली ती 'मारक शिळा' मार्च २०२२ मध्ये दुभंगलेली आढळली.

गणपतीचे 'कांगितेन' हे रूप बहुधा पडद्याआड ठेवतात. हत्तीच्या तोंडाच्या दोन आकृती परस्परांना आलिंगन देत उभ्या असतात. तोक्योत आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा देवळात त्याला मुळे वाहतात आणि मुळ्याची जोडी हेच तिथले चिन्ह आहे. नैवेद्याची 'कांगिदान' ही मिठाई म्हणजे आत गोड सारण, वर पुरचुंडीसारखी चुणी आणि तेलात तळलेली. तळणीचा मोदक ज्याने खाल्ला आहे, त्याला ती ओळखू येईल.

शेवंती

२०२० मध्ये करोनाच्या काळात चोच असलेल्या, लांब केसांच्या एका जलचराचे चित्र सगळीकडे दिसत होते. तो जुना योकाई होता की नवा?

पानगळ

तो आमाबिए. १८४६ साली हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत, समुद्रात रोज रात्री काहीतरी चमकते म्हणून एक अधिकारी पाहायला गेला, तेव्हा तो प्रकट झाला. सहा वर्षे पीक चांगले येईल, पण रोगराईही पसरेल, माझे चित्र काढून लोकांना दाखवा, असे सांगून तो परत समुद्रात गेला. हे वृत्त त्या काळच्या लाकडी ठशांच्या बातमीपत्रात चित्रासह छापले गेले. चित्र अगदी लहान मुलाने काढावे तसे आहे: तीन पायांसारखे शेपूट, अंगावर खवले, डोळे गोल. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. २०२० च्या वसंतात लोकांनी त्याची चित्रे काढून एकमेकांना पाठवायला सुरुवात केली, आणि आरोग्य मंत्रालयाने संसर्ग रोखण्याच्या आवाहनावर त्यालाच घेतले. देवळांनी त्याच्या चित्राचे ताईतही काढले. योकाईचा कामी होताना आपण सगळ्यांनी पाहिला, असे म्हणायला हरकत नाही.

दूरदेशी

मी तोक्योत राहते आणि शिवणकाम करते, म्हणून एक भर घालते. इथे जुनी समजूत आहे की वापरातल्या वस्तूला शंभर वर्षे झाली की तिच्यात जीव येतो. अशा वस्तूंना 'त्सुकुमोगामी' म्हणतात. मुरोमाची काळातल्या (चौदावे ते सोळावे शतक) एका चित्रकथेत वर्षअखेरच्या साफसफाईत रस्त्यावर फेकून दिलेल्या वस्तू रागावून एकत्र जमतात: इतकी वर्षे राबवून घेतले आणि एका शब्दानेही आभार न मानता टाकले, हा त्यांचा राग. मग त्या माणसांचा सूड घेतात. छत्र्या, चपला, कंदील यांना हातपाय आणि डोळे फुटलेली जी चित्रे दिसतात, त्यांचे मूळ यात आहे.

८ फेब्रुवारीला 'हारी-कुयो' असते, मोडलेल्या सुयांचे श्राद्ध म्हणावे असे. मी सेन्सोजी देवळाच्या आवारातल्या आवाशिमा मंडपात जाते. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया मी एका डबीत जपून ठेवते आणि त्या दिवशी घेऊन जाते. तिथे मोठा, पांढरा तोफूचा ठोकळा ठेवलेला असतो. आपली सुई त्यात टोचायची. जाड कापड आणि कातडी शिवण्यात जिचे आयुष्य गेले, तिला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून तोफू. पहिल्या वर्षी माझ्या शेजारी किमोनो नेसलेल्या एक आजीबाई होत्या. त्यांनी सुई टोचली, हात जोडले आणि अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावे तशा म्हणाल्या, 'ओत्सुकारेसामा.' दमलीस हो, फार काम केलेस, असा त्याचा अर्थ. मग मी माझी डबी उघडली.